गजराचा पखवाज आणि अभंगाचा पखवाज

भाद्रपदातल्या चतुर्थीच्या रात्री फोंडाघाटात पाऊस पूर्ण थांबला आहे, असे क्वचितच घडते. राधानगरी-दाजीपूरच्या रानातून उतरणारा घाट जेथे कोकणच्या सपाटीला टेकतो, तेथे सह्याद्रीच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. डोंगराला अडलेले ढग आधी येथेच हलके होतात आणि मग उरलेसुरले पाणी घेऊन कणकवलीच्या दिशेने सरकतात. अशा ओल्या रात्री, पागोळ्यांच्या आवाजातून वाट काढीत, भातशेतीच्या मेरेवरून बॅटऱ्यांचे चार-सहा ठिपके एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाताना दिसतात. त्यांतल्या एकाच्या खांद्यावर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले एक ओझे असते. नेणारा स्वतः नखशिखांत भिजतो. छत्री मात्र त्या ओझ्यावर धरलेली असते. ते ओझे म्हणजे पखवाज.

घरात मखराच्या वर माटवी बांधलेली, तिला टांगलेली कवंडळे, शेरवडे, नारळ, एखादे लांबलचक तवसे. समईच्या उजेडात लाडू-करंज्यांची ताटे. आणि खाली जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर भजनी मंडळी बसू लागते. बुवा पेटीचा भाता हलवून पाहतात. पण भजन लगेच सुरू होत नाही. पखवाजाच्या पुडीने दमट हवेत ओल धरलेली असते, स्वर उतरलेला असतो. मग तो पखवाज माजघरातल्या चुलीच्या उबेला नेतात, परत आणतात, गठ्ठ्यांवर हातोडी चालते, डाव्या तोंडाला भिजवलेल्या कणकेची चकती थापली जाते. थोडी वाढवायची, थोडी खरवडायची, पुन्हा थाप मारून ऐकायची. घरातली पोरे डोळे विस्फारून हा विधी पाहत असतात. पुढच्या दोन तासांत त्या घरात जे काही घडणार आहे, त्यातला अर्धा भाग याच कणकेवर अवलंबून असतो, हे त्या पोरांना ठाऊक नसते. मलाही त्या वयात ठाऊक नव्हते.

सिंधुदुर्गातील संगीत भजनाचा बाज महाराष्ट्रातील इतर भजनांहून काहीसा वेगळा आहे. आळंदी-पंढरीच्या वाटेवर चालणारा वारकरी उभ्याने गातो, टाळकऱ्यांच्या रांगा झुलतात, आणि मृदंग त्या पावलांना धरून असतो. कोकणातले भजन बसून गायचे. प्रथम नामघोष, मग नमन, रूपाचा अभंग, पुढे निरनिराळ्या चालींतले अभंग, मध्ये गजर, त्यानंतर गवळण, कधी भारूड, आणि शेवटी भैरवी, असा त्याचा क्रम. पेटी बुवांच्या हाती, भोवती कोरस, हातात टाळ आणि झांज, आणि बुवांच्या शेजारी पखवाज. चालींवर नाट्यसंगीताचा ठसा स्पष्ट दिसतो, आणि मुंबईच्या गिरणगावातील चाळींत जी मंडळे चाकरमान्यांनी उभी केली, त्यांनीही या भजनाला पुष्कळ काही दिले. फोंडाघाटासारखे गाव तर घाट आणि कोकण यांच्या उंबरठ्यावरच बसलेले. वरून वारकऱ्याचा मृदंग ऐकू येतो, खालून संगीत भजनाचा पखवाज. वाद्य एकच; परंतु एक पावलांना धरून चालतो आणि दुसऱ्याला शब्दांना धरून चालावे लागते.

‘चालावे लागते’ असे म्हटले खरे; चालतोच असे मात्र नाही. आजचा हा लेख त्याविषयीच आहे.

एक जुनी चूक

मी सोळा-सतरा वर्षांचा असेन. हाताला नुकती तयारी आली होती. पखवाजाचे बोल बोटांतून पाण्यासारखे वाहू लागले की त्या वयातल्या मुलाची जी अवस्था होते, ती माझी झाली होती. तिहाई म्हणजे एकच बोलसमूह तीनदा वाजवून नेमके समेवर येणे. ती एकदा साधली की वाटते, जगात दुसरे काही वाजवूच नये. तिहाईच्या पोटात तिहाई घालून होणारी चक्रधार मी मोठ्या कष्टाने बसवली होती आणि ती कोणाला ऐकवू, असे मला झाले होते.

चतुर्थीच्या दुसऱ्या रात्री आम्ही वाडीतल्या एका घरी गेलो. त्या घरातले आजोबा स्वतः भजनी. दोन वर्षांपूर्वी ते निवर्तले होते. आजींनी बुवांना एवढेच सांगितले की, ते नेहमी म्हणत तो अभंग आज म्हणा. बुवांनी मान डोलावली. अभंग तुकोबांचा, चाल संथ, जुनी, गावातल्या साऱ्यांच्या परिचयाची. पहिला चरण झाला आणि मी सुरू झालो. बुवा ओळ संपवून श्वास घेत, तेवढ्या फटीत मी एक तुकडा घालीत होतो. कोरस ओळ उचले, तिच्या डोक्यावर दुसरा तुकडा. अंतऱ्याला तर मी चक्रधार काढली आणि ती समेवर अशी काही बसली की, दारात उभी असलेली तरुण मंडळी ओरडली. मी घामाघूम, कृतार्थ. अभंग संपला. आजी मखराशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारले, “अभंग झालो काय रे? माका कायएक आयकाक गावला नाय.”

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच कळले नव्हते की अभंग झाला. त्यांच्या दृष्टीने एक मोठा आवाज सुरू झाला होता आणि थांबला होता.

बुवा त्या घरी मला एक शब्द बोलले नाहीत. वाटेत, मेरेवरून चालताना, बॅटरीचा झोत माझ्या पायांपुढे धरून ते म्हणाले, “तुझो हात बरो आसा रे झिला. पण त्या म्हातारेचो अभंग तू खाल्लस.” आणि थोडे थांबून, “उद्यापासून टाळ घे.”

चार रात्री मी टाळ वाजवला. पखवाज दुसऱ्याच्या मांडीवर पाहणे ही शिक्षा मोठी होती. पण टाळ हाती असला की दुसरे काही करता येत नाही, निमूट ऐकावे लागते. त्या चार रात्रींत मी तो अभंग प्रथमच ऐकला. तोवर मी त्याला फक्त वाजवले होते.

चार अक्षरांची जागा

अभंगाची घडण ध्यानात घेतली म्हणजे पखवाजाचे काम काय, हे बरेचसे उलगडते. थोरल्या अभंगाच्या कडव्याला चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात मात्र चारच. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते, आणि मग तो आखूड चौथा चरण येऊन सगळे तोलून धरतो. म्हणजे तीन पावले सारखी टाकून चौथ्या पावलाला माणूस जरासा थबकावा, तसे. या थबकण्यातच अभंगाचे मर्म पुष्कळदा दडलेले असते. सांगायचे ते तीन चरणांत सांगून झालेले असते. चौथ्यात संत ते आपल्या पदरी बांधतो.

आता हे धुमाळीत किंवा भजनी ठेक्यात, आठ मात्रांच्या आवर्तनात गाऊन पाहावे. सहा अक्षरांचे चरण मात्रांवर सहज पसरतात. चार अक्षरांच्या चरणापुढे बहुधा दोन-तीन मात्रा मोकळ्या राहतात. तेथे गायक शेवटचे अक्षर लांबवील, किंवा गप्प राहील. ही मोकळी जागा कोणाची?

पखवाजियाला वाटते, ती आपली. त्याच्या वाटण्यात सर्वस्वी चूक आहे असेही नाही. ती जागा सुनी ठेवली तर भजन बेचव होते. एखादा नेमका बोल तेथे पडला की चरण उठून दिसतो, कोरसाला उचल मिळते, टाळ जिवंत होतात. परंतु त्या जागेत ऐकणाऱ्याच्या मनातही काही चाललेले असते. आत्ताच कानी पडलेला शब्द तो तेथे आत घेत असतो. त्याला तेवढाही अवसर न देता तेथे बोलांचा पाऊस पाडला, तर शब्द कानाशी येऊन बाहेरच्या बाहेर वाहून जातो. ती मोकळी जागा गाण्याची असते. पखवाजाने तेथे पाहुण्यासारखे जावे, आणि यजमान पुढचा शब्द उच्चारण्यापूर्वी उठावे.

कणकेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. डाव्या तोंडाला कणीक जास्त थापली की घुमारा वाढतो, छाती दणाणते, दारातल्या माणसाला आनंद होतो. पण पुरुषाच्या आवाजातला मंद्राकडचा भाग नेमका त्याच घुमाऱ्यात बुडतो. बुवा खालच्या स्वरात एखादी ओळ म्हणू लागले की, जाणता वादक डाव्या हाताचा पंजा किंचित दाबून ठेवतो, उघडी थाप टाळतो, उजव्या हाताने पुडीवर नुसती लय राखतो. ही गोष्ट कोणाच्या नजरेस येत नाही आणि तिला टाळी पडत नाही. ओळ मात्र शेवटच्या माणसापर्यंत पोचते.

मग पखवाजाला स्वतःचे असे बोलायला कधी मिळायचे? त्यासाठी तर परंपरेने गजर ठेवला आहे. गजरात शब्द दोन-चारच, तेही नामाचे, साऱ्यांना पाठ. लय चढत जाते, कोरस दुणावतो, झांजा चमकू लागतात, आणि पखवाजियाला मैदान मोकळे होते. तेथे त्याने हात राखून वाजवले तर तोच दोष. गजरातला पखवाज ऐकून अंगावर काटा उभा राहिला नाही, तर ते भजन फिके. आमच्या बुवांनीही मला टाळ दिला तो अभंगाच्या चुकीबद्दल. पाचव्या रात्री पखवाज परत देताना त्यांनी मुद्दाम लांबलचक गजर घेतला आणि डोळ्यांनीच सांगितले की, आता वाजव. त्या रात्री मी पुन्हा चक्रधार वाजवली. तीच, तशीच. घरातली माणसे नामात डोलत होती आणि कोणाचे काही हरवले नाही.

कणकवलीचे एक नाव

फोंडाघाटाहून कणकवली जवळच. तेथे वसंतराव आचरेकरांच्या नावाचे सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे. नाटक आणि संगीत या दोहोंसाठी जिल्ह्याबाहेरही त्याचे नाव घेतात. परंतु प्रतिष्ठान ज्यांच्या नावाचे, ते आचरेकर कोण, असे एखाद्या तरुण पखवाजियाला विचारले तर तो बहुधा गोंधळेल. आणि त्यात एक प्रकारे आचरेकरांच्या वादनाचे यशच आहे, असे मला वाटते.

वसंतराव आचरेकर तबलावादक होते. कुमार गंधर्वांना त्यांनी अनेक वर्षे साथ केली. कुमारांची कहाणी सर्वश्रुत आहे. १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्म, बालपणीच कीर्ती, आणि पंचविशीच्या आतच क्षयाने गाठले. देवासला अंथरुणावर काही वर्षे मौनात गेली. १९५० नंतर ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा फुप्फुसाला कायमची इजा झालेली होती. लांबच लांब ताना एका दमात घेणे पूर्वीसारखे राहिले नव्हते. त्यांनी आखूड, टोकदार स्वरवाक्यांचे गाणे घडवले. एक वाक्य, मग शांतता. पुन्हा एक वाक्य, अचानक उसळणारे, आणि पुन्हा शांतता. त्या शांततेत गाण्याचा अर्धा प्राण होता.

अशा गायकाला साथ करणाऱ्या तबलजीपुढे मोह केवढा असेल, याची कल्पना करावी. गायक क्षणोक्षणी थांबतो आहे, जागाच जागा मोकळ्या आहेत, हातात तयारी आहे. कुमारांच्या ध्वनिमुद्रिका आज कोणालाही सहज ऐकता येतात. त्यांतल्या आचरेकरांच्या साथीच्या एखाद्या ध्वनिमुद्रिकेत फक्त तबल्याकडे कान लावून बसावे. ठेका, नुसता ठेका, पण प्रत्येक अक्षर मोत्यासारखे गोल आणि लय खडकासारखी अचल. कुमारांचा स्वर त्या शांततेतून केव्हा आणि कोठून उगवेल, याचा भरवसा नसे. तो उगवला की त्याच्या पायाखाली जमीन मात्र हमखास असे. मध्ये कोठे एखादा बारीकसा मोहरा येतो आणि लगेच मागे सरतो. भजनी मंडळातल्या मुलांना मी हेच ऐकायला सांगतो. ती प्रथम कंटाळतात. ‘यात वाजवले काय?’ असे विचारतात. महिनाभराने त्यांपैकी एखादा पुन्हा मागायला येतो. सगळे येत नाहीत, हेही कबूल केले पाहिजे.

साधे वाजवणारा मनुष्य अधिक काही वाजवू शकत नसावा, असा एक समज असतो. त्याला उत्तर म्हणून अहमदजान थिरकवांचे नाव पुरे आहे. बोटे तबल्यावर थिरकतात म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. स्वतंत्र तबलावादनात त्यांच्या तोडीचे कलावंत विसाव्या शतकात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हाच माणूस बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला बसत असे. रंगभूमीवर गंधर्वांचे पद चालू असता त्यांचा तबला पदाच्या अंगाने, शब्दांचा लाड करीत चाले. आणि पदाची ओळ पुरी होऊन मोकळी जागा आली की लग्गीची एखादी लड अशी सुटे की प्रेक्षागृह मोहरून जाई. ज्याच्याजवळ सर्व काही होते, त्यालाच कोठे काय ठेवायचे हे कळत होते. पखवाजाच्या परंपरेतही हे मराठी माणसाला परके नाही. नाना पानशांसारखा पखवाजी इंदूरच्या होळकर दरबारी गेला, त्याच्या नावाने घराणे चालले. पण त्याच वाद्यावर महाराष्ट्रातल्या हजारो अनाम मृदंगियांनी देवळांतून कीर्तनकाराचा शब्द पेलून धरला, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

बारी आणि बक्षीस

हे सगळे घरगुती भजनाबद्दल झाले. डबलबारीच्या मैदानात परिस्थिती पालटते. दोन मंडळे समोरासमोर, दोन बुवा, एकाने कोडे टाकायचे, दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचे उत्तर द्यायचे, आणि पटांगणात पहाटेपर्यंत न हलणारा समुदाय. हा प्रकार कोकणाने पोसला आणि त्याने कोकणच्या भजनाला पोसले. तेथे पखवाजावर पखवाजाची चढाओढ होणे स्वाभाविक आहे. लोक त्यासाठीही येतात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सवालजवाब हा आपल्याकडच्या लोककलांचा जुना छंद आहे.

दशावताराचे उदाहरण घ्या. देवळाच्या जत्रेत मध्यरात्री संकासूर येतो, पुढे राक्षसाचा प्रवेश होतो, देवदानवांचे युद्ध जुंपते. तेथे पखवाज गडगडलाच पाहिजे. पायपेटी आणि झांज यांच्या जोडीने तो तेथे रणवाद्य होतो, वीज होतो, राक्षसाची पावले होतो. ते नाटकच आहे आणि पखवाज त्यातले एक पात्र. त्याच रात्री त्याच नाटकात एखाद्या राणीच्या शोकाचे पद लागते, आणि तोच वादक इतका खाली उतरतो की झांजेची किणकिण तेवढी ऐकू यावी. दशावतारी मंडळींतल्या जुन्या पखवाजियांना हा उतार शिकवावा लागत नसे. समोर पात्र रडत असताना हात आपोआप थांबतो. भजनात समोर पात्र दिसत नाही. तेथे रडणारा, हसणारा, विनवणारा जो आहे तो केवळ शब्दात आहे. म्हणून शब्द ऐकण्याची सवय नसलेला हात थांबत नाही, एवढेच.

माझी तक्रार आहे ती डबलबारीतल्या चढाओढीची सवय घरातल्या मखरापुढे येते, तिच्याविषयी. तिला खतपाणी घालणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत. भजनस्पर्धांतून उत्कृष्ट गायक, पेटीवादक, पखवाजवादक, तबलावादक, झांजवादक, कोरस अशी वेगवेगळी पारितोषिके देण्याची प्रथा आहे. हेतू चांगला, मागे बसणाऱ्या कलावंतालाही मान मिळावा, हा. पण स्पर्धेतल्या मुलाच्या मनात काय येते? परीक्षकाने आपल्याकडे पाहावे. आणि परीक्षकाने पाहावे यासाठी अभंग हाच अडथळा होऊन बसतो. परीक्षकांनी पखवाजाचे गुण गजरापुरते न ठेवता ‘अभंगातील साथ’ या सदराखालीही वेगळे द्यावेत, असे मी एकदा एका स्पर्धेच्या वेळी सुचवून पाहिले. मंडळी हसली. सूचना वाईट नव्हती, असे मला अजून वाटते.

दुसरी गोष्ट ध्वनिक्षेपक. पखवाजाच्या दोन्ही तोंडांशी दोन माईक आणि बुवांपुढे एक, असा हिशेब झाला की तोल वादकाच्या हाती उरतच नाही. तो मागच्या मंडपातल्या यंत्र सांभाळणाऱ्या मुलाच्या हाती जातो. दक्षिणेत पालघाट मणी अय्यर (१९१२-१९८१) या थोर मृदंगवादकाने ध्वनिक्षेपकालाच आक्षेप घेतला होता आणि माईकवाचून मैफली व्हाव्यात असा आग्रह धरला होता. त्यांची साथ म्हणजे गायकाच्या रचनेचे प्रतिबिंब, अशी त्यांची ख्याती. एवढा समर्थ हात, पण त्याला आपला आवाज वाढवून नको होता. गायकाचा आणि आपला नैसर्गिक तोल त्याला हवा होता. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आली. सणाच्या काही ठराविक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची सोय आहे. या नियमाविरुद्ध आपण पुष्कळ कुरकुर करतो. मात्र मी असे पाहिले आहे की, माईक बंद करून उरलेले भजन तसेच पुढे चालवले, की पहिली दहा मिनिटे सारे ओकेबोके वाटते, आणि मग हळूहळू पखवाज बुवांचा आवाज शोधू लागतो.

तिसरी गोष्ट अगदी अलीकडची. भजन चालू असता दहा-बारा मोबाईल उंच धरलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी फिरते ती चाळीस सेकंदांची चित्रफीत. तीत अभंग नसतो. पखवाजावरची एक सुसाट लड असते, तिच्या शेवटी सम, आणि समेला उसळलेला गलका. ज्या मुलाने ते वाजवले त्याला वाटते, आपले भजन चाकरमान्यांच्या मुंबईपर्यंत पोचले. पोचले ते चाळीस सेकंद.

येथे तरुणांची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हाताऱ्याची रड ठरेल. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतली पुष्कळ भजनी घरे विस्कळीत झाली. पुढे गावातली मुले शिक्षणाला, नोकरीला बाहेर गेली. अशा काळात भजनाला जी तरुण पिढी टिकून राहिली, तिचा मोठा हिस्सा पखवाजाच्या ओढीने आला, हे नाकारता येणार नाही. पोरगा प्रथम अभंगासाठी येत नाही. तो त्या दणाणणाऱ्या आवाजासाठी येतो. मीही तसाच आलो होतो. आजच्या मुलांची तयारी माझ्या पिढीपेक्षा कितीतरी अधिक आहे. ती रीतसर शिकतात, परीक्षा देतात, चौताल-धमारातल्या परणी त्यांच्या हातात असतात. त्यांना ‘कमी वाजवा’ एवढेच सांगत राहिलो तर ती उठून जातील, आणि मग अभंगही राहणार नाही आणि पखवाजही. त्यांच्या हाती एकदा टाळ द्यावा लागतो. तो देण्याचा अधिकार असलेला बुवा मात्र मंडळात हवा, आणि पखवाजिया निघून गेला तर मंडळाचे कसे होईल या धास्तीने आजचे पुष्कळ बुवा तो अधिकार वापरत नाहीत. दोष सगळा वादकाच्या माथी मारणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते. गायक जर स्वतःच प्रत्येक ओळीमागे पखवाजाकडे मान वळवून दाद मागू लागला, तर वादकाने काय करावे?

गेल्या चतुर्थीला मी पुन्हा त्याच वाडीत होतो. आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. घर आता सिमेंटचे झाले आहे, मखराला विजेची माळ आहे, माटवी मात्र तशीच. नातवाने बुवांना तोच अभंग म्हणायला सांगितला. घरात तो आता रिवाजच झाला आहे. पखवाजावर कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता. आदल्या घरी त्याचा गजर मी ऐकला होता आणि त्या हातापुढे माझा हात कधीच नव्हता, हे मनोमन मान्य केले होते. आता तो काय करणार, म्हणून मी भिंतीला टेकून बसलो. बसल्यावर ध्यानात आले की आजी त्या रात्री बसल्या होत्या ती जागा हीच.

बुवांनी पेटीवर स्वर धरला. मुलाने थाप मारली, ऐकले, आणि हातोडी खाली ठेवून बुवांकडे किंचित झुकून विचारले, “चाल खंयची? आणि शेवटचो चरण लांबवतल्यात की सोडतल्यात?”

बुवा म्हणाले, “सोडतलंय.”

त्याने मान हलवली. डाव्या तोंडावरच्या कणकेचा एक तुकडा खरवडून पखवाजाच्या बाजूला चिकटवून ठेवला, पुन्हा थाप मारून पाहिली, आणि पंजा पुडीवर दाबून धरून तो वाट पाहत राहिला. बाहेर पाऊस वाढला होता. बुवांनी पहिला शब्द उच्चारला.